कोरडें वंगण : झेरॉक्सच्या ड्रमाची कथा

वंगण म्हटलें कीं डोळ्यांपुढें तेल उभें राहतें. बैलगाडीच्या आंसाला काळें वंगण लागतें, शिवणयंत्राला तेलाचे दोन थेंब लागतात, आणि दाराची बिजागरी कुरकुरूं लागली म्हणजे गृहिणी स्वयंपाकघरांतील बुधलींतून बोटभर तेल आणून तिचें तोंड बंद करते. जेथें दोन पृष्ठें एकमेकांवर घासतात तेथें स्नेह पाहिजे, हा व्यवहार इतका जुना आहे कीं संस्कृतांत तेलाला आणि प्रेमाला एकच शब्द पुरतो. परंतु मनुष्यानें बनविलेलें एक यंत्र असें आहे कीं, त्याच्या मुख्य अवयवाला तेलाचें बोट लागलें तर तो अवयव बिघडतो. आणि तरीहि घर्षणाचा जाच त्याला इतर कोणत्याहि यंत्राइतकाच सोसावा लागतो. हें यंत्र बँकेंत, महाविद्यालयाच्या दाराशीं आणि तहसील कचेरीसमोरच्या टपरींत दिवसभर घरघरत असतें. मराठींत त्याचें नांव झेरॉक्सचें यंत्र. त्याच्या पोटांतील ड्रमाला कोरडें वंगण कां लागलें आणि तें कसें मिळालें, ही हकीकत म्हणजे नकलेच्या दीर्घ इतिहासांतील एक लहानसें पण उद्बोधक प्रकरण आहे.

नकलेची गरज यंत्रापेक्षां फार जुनी आहे. पेशव्यांच्या दफ्तरांतील कारकून मांडी घालून, बोरू शाईंत बुडवून, मोडी अक्षरांत एका कागदाचे दोन कागद करीत असे. त्यांत एखादा आंकडा चुकला तर ती चूक पुढच्या प्रत्येक नकलेंत वारशानें उतरे. युरोपांत या कामाला यंत्राची मदत देण्याचा एक प्रसिद्ध प्रयत्न जेम्स वॅट यानें केला. ज्याचें नांव वाफेच्या यंत्रामुळें अजरामर झालें त्याच वॅटनें १७८० सालीं पत्राची नक्कल उतरविण्याच्या युक्तीचें पेटंट घेतलें. विशेष शाईनें लिहिलेल्या पत्रावर पातळ ओलसर कागद ठेवून दाबला कीं शाई त्यांत उतरे, आणि मागील बाजूनें लिखाण सुलटें वाचतां येई. १८०६ सालीं राल्फ वेजवुड या इंग्रजानें कार्बन कागदाचें पेटंट मिळविलें. १८७६ सालीं एडिसननें कागदाला बारीक भोंकें पाडणाऱ्या विजेच्या लेखणीचें पेटंट घेतलें. त्याच मार्गानें पुढें मेणकागदाचें यंत्र कचेऱ्यांतून आलें आणि ‘सायक्लोस्टाइल’ या नांवानें महाराष्ट्रांतील शाळांच्या प्रश्नपत्रिका तें अनेक वर्षें छापीत राहिलें.

या सर्व युक्त्यांत एक उणीव समान होती. नक्कल लागणार हें आधीं ठाऊक असेल तरच त्यांचा उपयोग. कार्बन आधीं घालावा लागे, मेणकागद आधीं कोरावा लागे. जो कागद दहा वर्षांपूर्वीं दुसऱ्याच कोणी लिहून ठेवला त्याची हुबेहूब नक्कल पाहिजे असेल, तर फोटोग्राफीची कास धरावी लागे. आणि तेथें रसायनें, ओले कागद, वाळण्याची वाट आणि खर्च यांवांचून गत्यंतर नसे.

ही उणीव ज्याला रोज टोंचत होती तो मनुष्य म्हणजे चेस्टर कार्लसन. त्याचा जन्म १९०६ सालीं अमेरिकेंतील सिअॅटल शहरीं झाला. वडिलांचा धंदा न्हाव्याचा. परंतु क्षय व संधिवात यांनीं ते अंथरुणाला खिळले. आईहि क्षयानेंच गेली. शाळकरी वयापासून घर चालविण्याचा भार या एकुलत्या एका मुलावर पडला. कष्ट करीत, कर्ज काढीत त्यानें १९३० सालीं कॅलिफोर्नियाच्या प्रसिद्ध तंत्रविद्यालयाची पदार्थविज्ञानाची पदवी मिळविली, ती नेमकी मंदीच्या लाटेंत. बेल कंपनीच्या प्रयोगशाळेंतील नोकरी १९३३ सालीं सुटली, आणि पुढें न्यूयॉर्कमधील एका विद्युत्साहित्याच्या कंपनीच्या पेटंट खात्यांत त्याला आसरा मिळाला. तेथें पेटंटांच्या नकला सारख्या लागत. टंकलेखकाकडून करविल्या तर त्या पुन्हां ताडून पाहाव्या लागत. छायाचित्रें काढविलीं तर पैसे व दिवस दोन्हीं मोडत. रात्रीं तो कायद्याचा अभ्यास करी. पुस्तकें विकत घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून ग्रंथालयांत बसून पानेंच्या पानें हातानें उतरून घेई. त्यांतच मणक्यांच्या संधिवातानें त्याला गांठलें. नकलेच्या यंत्राची कल्पना अशा दुखऱ्या पाठीच्या मनुष्याला सुचावी, हें स्वाभाविकच होतें.

रासायनिक फोटोग्राफीच्या क्षेत्रांत मोठमोठ्या कंपन्या ठाण मांडून बसल्या आहेत, हें ओळखून कार्लसननें पदार्थविज्ञानाची वाट धरली. त्याच्या कल्पनेंत दोन जुन्या निरीक्षणांची सांगड आहे. पहिलें १७७७ सालचें. गटिंगेन येथील प्राध्यापक लिख्टेनबर्ग याला असें दिसलें कीं, विजेनें भारलेल्या राळेच्या वडीवर धूळ पडली तर ती वाटेल तशी न पसरतां ताऱ्यांच्या आणि फांद्यांच्या आकृत्या धारण करते. दुसरें निरीक्षण १८७३ सालचें. समुद्राखालील तारायंत्राच्या तारांचें काम पाहणाऱ्या विलोबी स्मिथ यानें जाहीर केलें कीं, सेलेनियम या मूलद्रव्यावर प्रकाश पडतांच त्याची वीज वाहण्याची शक्ति वाढते. कार्लसनचा तर्क असा : अंधारांत वीज धरून ठेवणारा आणि उजेडांत ती सोडून देणारा पदार्थ पत्र्यावर बसवावा, तो अंधारांत भारावा, आणि त्यावर लिखाणाची प्रतिमा पाडावी. कागदाच्या पांढऱ्या भागाचा उजेड जेथें पडेल तेथील वीज निघून जाईल; काळ्या अक्षरांच्या जागीं ती राहील; आणि वरून भुकटी टाकली कीं तीं अक्षरें उमटतील. हंगेरींतील शास्त्रज्ञ पॉल सेलेनी याच्या लेखनानें त्याला या दिशेचा इषारा दिला होता. ऑक्टोबर १९३७ मध्यें त्यानें पेटंटासाठीं अर्ज केला.

पहिले प्रयोग त्याच्या घरच्या स्वयंपाकघरांत झाले. चुलीवर गंधक वितळवून तो धातूच्या पत्र्यावर पसरावयाचा. त्याचा धूर आणि वास घरभर होई. पुढें त्यानें न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागांत एक खोली भाड्यानें घेतली आणि ऑस्ट्रियांतून परागंदा होऊन आलेल्या ओट्टो कोर्नेई या शास्त्रज्ञाला मदतीस ठेवलें. २२ ऑक्टोबर १९३८ रोजीं कोर्नेईनें कांचेच्या पट्टीवर शाईनें तारीख व ‘अॅस्टोरिया’ हें नांव लिहिलें. जस्ताच्या पत्र्यावरील गंधकाचा थर रुमालानें घासून भारला. पट्टी वर ठेवून कांहीं क्षण प्रखर उजेड पाडला. आणि लायकोपोडियम वनस्पतीची बारीक भुकटी शिंपडून फुंकर मारली. पत्र्यावर अक्षरें राहिलीं, आणि मेणकागद दाबल्यावर तीं कागदावरहि उतरलीं. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. नको असलेली भुकटी एका फुंकरीनें उडाली, आणि एका नकलेसाठीं तेवढें पुरेसें होतें. त्याच पत्र्यावर दुसरी, शंभरावी, लाखावी नक्कल काढावयाची झाल्यास काय करावें, हा प्रश्न त्या दिवशीं उद्भवण्याचें कारणच नव्हतें.

कोर्नेई थोड्याच महिन्यांत दुसऱ्या नोकरीवर गेला. कार्लसन मात्र आपला गंधकाचा पत्रा घेऊन दारोदार हिंडत राहिला. वीसांहून अधिक कंपन्यांनीं त्याला परत पाठविलें, आणि त्यांत अमेरिकेंतील नामांकित कंपन्या होत्या. अखेर १९४४ सालीं ओहायो संस्थानांतील कोलंबस येथील बॅटेल संशोधन संस्थेनें हें काम हातीं घेतलें. तेथेंच गंधकाच्या जागीं सेलेनियमचा थर आला, आणि रुमालानें घासण्याच्या जागीं उच्च दाबाच्या बारीक तारेनें वीज फवारण्याची रीत आली. १९४७ च्या आरंभापासून रॉचेस्टर येथील हॅलॉइड ही फोटोग्राफीचे कागद करणारी लहान कंपनी या उद्योगांत उतरली. जोसेफ विल्सन हा तिचा तरुण अध्यक्ष होता. ‘कोरडें’ आणि ‘लेखन’ या अर्थाच्या दोन ग्रीक शब्दांवरून या विद्येला झेरॉग्राफी हें नांव मिळालें, आणि २२ ऑक्टोबर १९४८ रोजीं, अॅस्टोरियाच्या प्रयोगास बरोबर दहा वर्षें झालीं त्या दिवशीं, तिचें जाहीर प्रात्यक्षिक झालें.

१९४९ सालीं बाजारांत आलेलें पहिलें यंत्र सपाट पट्टीचें होतें. प्रत्येक पायरी हातानें करावी लागे आणि प्रत्येक नकलेनंतर पट्टी हातानें स्वच्छ करावी लागे. नक्कल झपाट्यानें निघावयाची तर पट्टीचा शेवट आणि आरंभ एकत्र आले पाहिजेत, म्हणजे सपाट पट्टीचा गोल ड्रम झाला पाहिजे. १९५५ सालच्या ‘कॉपीफ्लो’ यंत्रांत असा ड्रम आला. ड्रमाचें काम थोडक्यांत असें असतें. तो फिरतां फिरतां प्रथम विजेनें भारला जातो. मग त्यावर प्रकाशाची प्रतिमा पडते. मग टोनर म्हणून ओळखली जाणारी प्लॅस्टिकची काळी भुकटी भारलेल्या जागीं चिकटते. मग कागद जवळ येऊन, मागून दिलेल्या विजेच्या ओढीनें, ती भुकटी उचलतो. आणि शेवटीं उष्णतेनें भुकटी कागदावर वितळून पक्की होते. तोंवर ड्रमाचा तोच भाग पुन्हां आरंभाच्या जागीं येऊन पोंचलेला असतो.

अडचण येथें होती. कागद सगळी भुकटी उचलीत नाहीं. कांहीं अंश ड्रमावर मागें राहतोच. तो तसाच राहिला तर पहिल्या पत्राची पुसट सावली दुसऱ्या पत्रावर पडते. म्हणजे या यंत्राला स्मरण जितकें आवश्यक, तितकेंच विस्मरणहि आवश्यक. आणि स्मरणापेक्षां विस्मरण शिकविणें अधिक कठीण ठरलें. भुकटी घट्ट चिकटलेली असते, म्हणून ती जोर लावून घासावी तर सेलेनियमचा कांचेसारखा नाजूक थर ओरखडतो. आणि ड्रमावर पडलेला ओरखडा पुढच्या प्रत्येक नकलेवर रेघ होऊन उमटतो. हॅलॉइडच्या लोकांनीं या कामासाठीं सशाच्या मऊ केसांचा फिरता ब्रश योजिला. असें सशाचे केस अंगावर मिरविणारें यंत्र, ‘झेरॉक्स ९१४’ या नांवानें, १६ सप्टेंबर १९५९ रोजीं न्यूयॉर्कच्या एका हॉटेलांत लोकांस दाखविण्यांत आलें. प्रात्यक्षिकासाठीं आणलेल्या दोन यंत्रांपैकीं एक पेटलें. सुदैवानें दुसरें चालत राहिलें.

या यंत्रावर सारी कंपनी पणाला लागलेली होती. १९४७ ते १९६० या काळांत तिनें या विद्येवर सुमारें साडेसात कोटि डॉलर खर्च केले, आणि ही रक्कम तिच्या नेहमीच्या धंद्यांतील मिळकतीच्या जवळजवळ दुप्पट होती. ९१४ चें वजन ६४८ पौंड. मिनिटास सात नकला. जास्तींत जास्त ९ इंच रुंद व १४ इंच लांब कागद, म्हणून तें नांव. इतकें महाग यंत्र कोणी विकत घेणार नाहीं हें ओळखून कंपनीनें तें महिना ९५ डॉलर भाड्यानें दिलें. मार्च १९६० पासून यंत्रें बाहेर पडूं लागलीं, आणि सगळे अंदाज खोटे ठरले. अमेरिकेंत १९५० ते १९६० या दशकाच्या मध्यास वर्षाला सुमारें २ कोटि नकला निघत. १९६६ सालीं त्या सुमारें १४ अब्ज झाल्या.

नकला वाढल्या तसा ब्रश अपुरा पडूं लागला. तो झाडलेली भुकटी हवेंत उडवी, ती ओढून घेण्यास पंखा लागे, पंख्याला गाळणी लागे, आणि यंत्र कपाटाएवढें होई. पुढें या सगळ्या सरंजामाची जागा एका साध्या वस्तूनें घेतली. पॉलियुरेथेन रबराचें एक पातळ पातें ड्रमाच्या पूर्ण लांबीवर टेकवून ठेवावयाचें. ड्रम फिरला कीं पात्याची धार, ताटाच्या कडेवरचें पीठ बोटानें निपटावें तशी, उरलेली भुकटी निपटून काढते. युक्ति स्वस्त, लहान आणि आवाजरहित होती. परंतु तिनें एक नवा शत्रु घरांत आणला, तो म्हणजे घर्षण.

रबर आणि गुळगुळीत पृष्ठ यांची एकमेकांवर पकड किती घट्ट बसते, हें ओल्या फरशीवर वाळत आलेली रबरी चप्पल ओढून पाहिली तरी समजेल. पात्याची धार ड्रमाच्या फिरण्याच्या विरुद्ध तोंड करून बसविलेली असते. पकड वाढली कीं धार ड्रमाबरोबर थोडी ओढली जाते, मग सुटून मागें येते, पुन्हां ओढली जाते; यंत्र करकरूं लागतें. अधिक वाढली तर पातें सबंध उलटें वळतें, आणि मग भुकटी तर निपटत नाहींच, उलट ड्रमाचें पृष्ठ खरडून जातें. गमतीची गोष्ट अशी कीं, पात्याच्या धारेशीं सांचणारी टोनरची भुकटीच थोडेंबहुत वंगणाचें काम करते. म्हणून नवा ड्रम आणि नवें पातें, दोन्हीं अगदीं स्वच्छ असतां, सर्वांत अधिक धोका असतो. आणि म्हणूनच कांहीं यंत्रें मधूनमधून, दोन कागदांच्या फटींत, कागदावर न जाणारी काळी पट्टी मुद्दाम ड्रमावर काढून पात्याला चारा घालतात. स्वच्छतेचा अतिरेक येथें हानिकारक ठरतो.

मग तेल कां घालूं नये? कारण ड्रमाचें सारें कर्तृत्व त्याच्या कोरडेपणांत आहे. तेलाचा पातळ थर भुकटीला चिखलासारखा धरून ठेवील; जेथें वीज नाहीं तेथेंहि ती चिकटेल; आणि नक्कल म्हणजे काळा डाग होईल. पाहिजे होतें तें असें वंगण, जें कोरडें असेल, वीज वाहणार नाहीं, पाण्याला दूर ठेवील आणि कागदाला डाग पाडणार नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत या कामासाठीं जो पदार्थ रुळला तो झिंक स्टिअरेट होय. मेणबत्त्यांत जें स्टिअरिक आम्ल वापरतात त्याचा आणि जस्ताचा संयोग झाला म्हणजे ही मऊ, मेणचट, पांढरी भुकटी होते. रबराच्या कारखान्यांत पत्रे एकमेकांना चिकटूं नयेत म्हणून ती वापरतात. तोंडाला लावण्याच्या पावडरींतहि ती असते. तिचे कण थराथरांचे बनलेले असतात, आणि दाब पडला कीं पत्त्यांच्या गड्डीप्रमाणें थर एकमेकांवरून घसरतात. तिचा डोळ्याला न दिसणारा लेप ड्रमावर बसला म्हणजे पातें सुखानें सरकतें, टोनर कागदाकडे सहज सुटतो आणि ड्रमाची झीज कमी होते.

हें वंगण देण्याच्या रीती तीन. एक, टोनरमध्येंच त्याचा अत्यल्प अंश मिसळणें. दुसरी, त्याची घट्ट कांडी करून यंत्रांत बसविणें आणि फिरत्या ब्रशानें ती कणाकणानें खरवडून ड्रमाला लावणें. तिसरी, नवा ड्रम बसवितांना कारागिरानें ती किंवा तशीच एखादी फ्लोरिनयुक्त प्लॅस्टिकची भुकटी पात्यावर व ड्रमावर हलक्या हातानें थापणें. तिन्हींचें सूत्र एकच : प्रमाण. लेप कमी पडला तर पातें करकरतें. लेप जाड झाला तर तो भुकटीसह ड्रमावर साय धरतो, आणि भारणाऱ्या विजेच्या सततच्या माऱ्यानें त्याचा कस उतरला कीं दमट हवेंतील पाणी शोषूं लागतो. मग ड्रमावरील वीज आपल्या जागीं न राहतां बाजूला पसरते आणि अक्षरें पाण्यांत भिजल्यासारखीं फिसकटतात. म्हणून वंगण लावणें जितकें आवश्यक, तितकेंच जुनें वंगण सतत निपटून नवें देत राहणें आवश्यक.

याच ड्रमावर पुढें दुसरा चमत्कार घडला. गॅरी स्टार्कवेदर या झेरॉक्समधील तंत्रज्ञाच्या मनांत १९६७ सालीं आलें कीं, कागदाची प्रतिमा ड्रमावर पाडण्याऐवजीं लेसर किरणानेंच त्यावर लिहावें. वरिष्ठांना तें रुचलें नाहीं. १९७१ सालीं तो कॅलिफोर्नियांतील संशोधनशाळेंत गेला आणि १९७७ सालीं कंपनीचें लेसर मुद्रणयंत्र बाजारांत आलें. त्याच सुमारास महाग व विषारी सेलेनियमच्या जागीं कार्बनी पदार्थांचे थर येऊं लागले. ते स्वस्त खरे, परंतु मऊ; त्यांना ओरखड्याची व झिजेची भीति अधिक, म्हणून कोरड्या वंगणाचें महत्त्व वाढलेंच. १९८२ सालीं जपानच्या कॅनन कंपनीनें ड्रम, पातें आणि टोनर एकाच पेटींत घालून ती पेटीच बदलण्याची सोय केली, आणि १९८४ सालीं ह्यूलेट-पॅकार्डच्या लेसरजेटमधून तीच पेटी मेजावरच्या मुद्रणयंत्रांत आली. कारागिराचें काम पेटींत बंद झालें.

भारतांत मात्र तें पुन्हां बाहेर आलें. १९८३ सालीं मोदी झेरॉक्स कंपनी निघाली, तिचा कारखाना उत्तर प्रदेशांत रामपूर येथें झाला, आणि थोड्याच वर्षांत ‘झेरॉक्स काढणें’ हा मराठी भाषेंतील रूढ वाक्प्रचार झाला. रिकामी पेटी फेंकून देणें ज्या समाजाच्या अंगवळणीं नाहीं, तेथें ती उघडून पुन्हां भरणारे कारागीर गल्लोगल्लीं निर्माण झाले. जुनें पातें पुसून, नवा ड्रम बसवून, त्यावर पांढऱ्या भुकटीचा हलका हात फिरविणारा हा कारागीर झिंक स्टिअरेटचें रसायनशास्त्र शिकलेला नसतो. पण ती भुकटी विसरली तर पेटी परत येते, एवढें तो अनुभवानें जाणतो. विद्यार्थ्याचें गुणपत्रक, शेतकऱ्याचा सातबारा, निवृत्त शिक्षकाचे निवृत्तिवेतनाचे कागद यांची नक्कल स्वच्छ निघणें किंवा डागाळणें अखेर त्या हलक्या हातावर अवलंबून असतें.

चेस्टर कार्लसन १९६८ सालीं न्यूयॉर्क येथें वारला. या शोधानें त्याला अपार संपत्ति दिली होती. तींतील दहा कोटींहून अधिक डॉलर त्यानें हयातींत, बहुधा आपलें नांव पुढें येऊं न देतां, दान केले. उत्तर वयांत त्याचें मन वेदान्ताकडे वळलें होतें. पानेंच्या पानें हातानें उतरणाऱ्या त्या गरीब विद्यार्थ्याच्या कल्पनेला शेवटास नेण्यास गंधक, सेलेनियम, सशाचे केस, रबर आणि अखेर चरबींतून निघणाऱ्या आम्लाची ही भुकटी, इतक्यांचा हातभार लागला. ज्या यंत्रानें तेल वर्ज्य केलें त्यालाहि शेवटीं स्नेहाच्याच कुळांतील एका कोरड्या वंशजाला शरण जावें लागलें. मोठ्या शोधाचें नांव लोकांच्या तोंडीं राहतें. तो चालूं ठेवणाऱ्या चिमूटभर भुकटीला नांव नसतें. पुढच्या खेपेस नक्कल हातीं येईल आणि ती डागावांचून स्वच्छ असेल, तेव्हां तिचें थोडें श्रेय त्या चिमटीलाहि आहे, एवढें ध्यानांत ठेवावें.